पंधराचा डबा, पण पंधरा काय?

धुळ्याला पाचकंदीलच्या बाजारात जा, नाहीतर जळगावच्या दाणाबाजारात. तेलाच्या दुकानासमोर पत्र्याच्या डब्यांची उतरंड रचलेली दिसते. डबे सगळे एकाच उंचीचे, एकाच रुंदीचे, कडीसुद्धा एकाच जागी. त्यातल्या एका डब्याचा भाव दुकानदार २,४०० रुपये सांगतो आणि शेजारच्याचा २,२५०. तेल दोन्हींत सोयाबीनचंच, दोन्ही डबे ‘पंधराचे’. दीडशे रुपये वाचले म्हणून गिऱ्हाईक दुसरा डबा रिक्षात टाकतं.

(या लेखातले भाव हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत. आज दुकानात जो भाव असेल तो घालून हाच हिशोब करता येईल.)

दुसऱ्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘१५ लिटर’ आणि पहिल्यावर ‘१५ किलो’. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅमच भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल आलं १३ किलो ६५० ग्रॅम. २,२५० ला १३.६५ ने भागा. किलोला जवळपास १६५ रुपये पडले. किलोवाला डबा मात्र १६० रुपयांनी पडला होता. लिटरचा डबा खरोखर त्याच भावाचा असता, तर तो २,१८४ रुपयांना मिळायला हवा होता. दीडशे रुपये वाचले असं वाटलं, प्रत्यक्षात ६६ रुपये जास्त गेले.

इथे फसवणूक कुणीच केलेली नाही. डब्यावर खरं तेच लिहिलं होतं, दुकानदारानेही खोटं सांगितलं नाही. घोटाळा झाला तो भागाकारात. रुपये दोन्हीकडे रुपयेच होते, पण एकीकडे त्यांना किलोने भागलं आणि दुसरीकडे लिटरने. किराण्यातला स्वस्त-महागाचा बहुतेक गोंधळ असा असतो: वरचा आकडा आपण नीट बघतो आणि खालचा गृहीत धरतो.

ही अडचण जुनी आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सात टक्के मोठा. शेराचा भाव तोंडपाठ असलेल्या पिढीला किलोचा भाव ऐकून सगळंच महागल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. लिटर आणि किलो यांच्यातलं अंतर तर त्याहून मोठं, नऊ टक्क्यांचं आहे.

भुसावळच्या उन्हातला लिटर

तेलाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. उष्णतेने तेल फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंश तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. अंशाला पाऊण ग्रॅमहून थोडा कमी असा फरक. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना लिटरने मापून भरलेल्या तेलात आणि २१ अंशांच्या गार खोलीत मापून भरलेल्या तेलात लिटरमागे सोळा-एक ग्रॅमचा फरक पडेल.

काही तेल कंपन्या पिशवीवर लिटरचा आकडा लिहून शेजारी ‘६० अंश तापमानाला’ असं छापत. तेल जितकं गरम धराल तितके कमी ग्रॅम घालून लिटर पुरा करता येतो. स्वयंपाकघरात ६० अंश तापमान कुणाच्याच नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून टाकायला सांगितलं आणि लिटरच्या जोडीने वजन छापायला सांगितलं. त्यासाठी जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत मुदत दिली.

तेव्हा तेल घेताना मिलिलिटर विसरा, ग्रॅम बघा. उन्हात असो की सावलीत, ग्रॅम बदलत नाही.

लहान पुडा महाग का पडतो

मोठ्या पुड्यात माल स्वस्त पडतो, हा आपला अनुभव आहे. तो बहुतेकदा खराही असतो, आणि त्याला कारणं आहेत.

अमळनेरहून धुळ्याला निघणारी काळीपिवळी घ्या. एका खेपेचं डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि गाडीची झीज मिळून समजा ६०० रुपये खर्च येतो. सहा माणसं बसली तर माणशी १०० रुपये निघायला हवेत आणि दहा बसली तर ६० पुरतात. गाडी तीच, रस्ता तोच, खर्चही तेवढाच, फक्त वाटेकरी वाढले. (म्हणूनच गाडी भरल्याशिवाय तो हलत नाही.) पुड्याचंही असंच असतं. पिशवी सील करणं, तिच्यावर छापणं, खोक्यात रचणं, दुकानदाराने फळीवरून काढून देणं आणि बिल करणं हा खर्च पुड्यामागे असतो, ग्रॅममागे नाही. १०० ग्रॅमच्या पुड्यात तो शंभर ग्रॅमवर वाटला जातो, किलोच्या पुड्यात हजार ग्रॅमवर.

दुसरं कारण भूमितीचं. दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी डबा घेतला तर त्यात एक लिटर मावतो आणि त्याला पत्रा लागतो ६०० चौरस सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली की आत आठ लिटर मावतात, पण पत्रा लागतो २,४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे लिटरमागे ३००, निम्माच. आतला माल आठपट झाला तरी वेष्टण चौपटच वाढलं.

आपल्याकडे पूर्वी हा वेष्टणाचा खर्च गिऱ्हाइकाच्या वाट्याला फारसा येतच नसे. अमळनेरला महंमद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. तिथे सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप आणि ७८७ हा कपड्यांचा साबण तयार होई. त्या काळी तेला-तुपाचा डबा दुकानात उघडा असायचा आणि लोक घरून भांडं घेऊन येत. वाणी पळीने काढून पावशेर-अर्धा शेर तोलून देई. सुट्या मालात भाव एकच, पावशेर घ्या की पाच शेर. पुडा आला तसा प्रत्येक मापाचा भाव वेगळा झाला आणि गिऱ्हाइकाच्या मागे भागाकार लागला.

आणि शाम्पूची पुडी मात्र उलटी

आता हा सगळा नियम मोडणारी वस्तू दुकानाच्या दारातच माळेसारखी लटकत असते. दोन रुपयांच्या पुडीत समजा सहा मिलिलिटर शाम्पू आहे. मिलिलिटरला पडले ३३ पैसे. त्याच शाम्पूची ३४० मिलिलिटरची बाटली समजा २५० रुपयांना आहे. मिलिलिटरला ७३ पैसे. एकदा दुकानात दोन्ही हातात घेऊन बघा. आकडे इकडेतिकडे होतील, पण बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत पुडीच स्वस्त निघते.

पुडीला वेष्टण जास्त लागतं, मग ती स्वस्त कशी? याचं कारण असं की भाव केवळ खर्चावरून ठरत नाही, कोण विकत घेणार आहे त्यावरूनही ठरतो. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरायची कल्पना चालवली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू आणून ती गावोगाव नेली. पुडीचं गिऱ्हाईक आठवडी बाजाराला आलेलं असतं. त्याच्यासमोर पाच कंपन्यांच्या माळा टांगलेल्या असतात आणि दोन रुपयांच्या वर ते एक पैसा देणार नाही. तिथे स्पर्धा एवढीच, की दोन रुपयांत कोण जास्त देतो. बाटली घेणाऱ्याला झाकण, आकार, न्हाणीघरातल्या फळीवरची शोभा हेही हवं असतं आणि ‘मोठी म्हणजे स्वस्तच’ असं धरून तो हिशोब करत नाही. कंपनी दोघांना दोन वेगळे भाव लावते.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत स्टॅन्ली विड्रिक या अभ्यासकाने १९७९ मध्ये किराणा मालाचे भाव तपासून दाखवलं, की मोठा पुडा दर मापामागे महाग असण्याचे प्रकार दुकानांत सर्रास सापडतात. गिऱ्हाईक मोठा पुडा तपासून बघत नाही हे विक्रेत्याला माहीत असतं.

म्हणून ‘जंबो’, ‘फॅमिली पॅक’, ‘सेव्हर’ असे शब्द वाचून पुडा उचलू नये. ते शब्द माप सांगत नाहीत, कोण घेणार ते सांगतात.

किंमत तीच, पुडा बारीक

२०२२ पर्यंत आपल्याकडे एक सोय होती, तिची किंमत फारशी कुणाला कळली नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांना एक परिशिष्ट होतं. बिस्किटं, चहा, कॉफी, तेल-तूप, मीठ, पीठ, डाळी, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक मापांतच भराव्या लागत. काही सवलती होत्या, पण रूढ मापं म्हटली तर १००, २००, ५०० ग्रॅम, एक किलो, दोन किलो, पाच किलो. सगळ्यांची मापं सारखी असली की भागाकार करावाच लागत नाही, नुसती किंमत बघून तुलना होते.

ते परिशिष्ट काढून टाकलं. कुणीही कितीही ग्रॅमचा पुडा भरावा, अशी मोकळीक मिळाली. मग किलोच्या तेलाच्या पिशवीशेजारी ८५० ग्रॅमची, ८०० ग्रॅमची पिशवी आली. फुगवलेली पिशवी सारखीच दिसते. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं तर विचारूच नका. पाच रुपये हे नाणं आहे, ते वाढवता येत नाही, मग महागाई वाढली की बिस्किटं कमी होतात. हे दरवाढीचंच दुसरं रूप आहे, फक्त ते किमतीच्या आकड्यात दिसत नाही, वजनाच्या आकड्यात दिसतं आणि वजनाचा आकडा पुड्याच्या मागे असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि शाम्पू यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर कमी झाल्यावर कंपन्यांपुढे उलटा प्रश्न आला: पाच रुपयांच्या पुड्याची किंमत पैशांत उतरवायची की त्यात ग्रॅम वाढवायचे? चार रुपये पंचेचाळीस पैसे सुटे देणार कोण?

पाकिटावरचा तो बारीक आकडा

मापांची मोकळीक देताना सरकारने बदल्यात एक गोष्ट दिली. पुड्यावर एमआरपीच्या जोडीला ‘एकक विक्री किंमत’ छापायची, म्हणजे दर ग्रॅमला, दर किलोला किंवा दर नगाला किती रुपये पडतात ते. नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलले, मुदत पुढे सरकत राहिली आणि जानेवारी २०२४ पासून हे छापणं बंधनकारक झालं. ऑस्ट्रेलियात अशी सक्ती २००९ पासून आहे, तिथे हा भाव दुकानाच्या फळीवर ठळक लिहितात. आपल्याकडे तो पुड्यावर असतो, तारखेच्या आणि बॅच नंबरच्या गर्दीत.

कल्पना चांगली आहे. अंमलबजावणीत मात्र दोन खोडी राहिल्या आहेत.

पहिली खोड अशी. पुडा एक किलोच्या आतला असेल तर भाव ग्रॅममागे छापतात आणि किलोच्या वरचा असेल तर किलोमागे. म्हणजे ५०० ग्रॅमच्या साखरेवर ‘०.०५ रुपये प्रति ग्रॅम’ आणि पाच किलोच्या पिशवीवर ‘४६ रुपये प्रति किलो’. ज्याला तुलना करायची आहे त्याने आधी दशांशचिन्ह तीन घरं सरकवायचं.

दुसरी खोड त्याहून मोठी आहे. हा आकडा दशांशानंतर दोन घरांपर्यंत घ्यायचा असतो. समजा गव्हाच्या पिठाचा ५०० ग्रॅमचा पुडा २७ रुपयांना आहे. ग्रॅमला पडले ०.०५४ रुपये, छापलं ०.०५. दुसऱ्या कंपनीचा ९०० ग्रॅमचा पुडा ४१ रुपयांना आहे. ग्रॅमला ०.०४५५, छापलं पुन्हा ०.०५. दोन्ही पुड्यांवर एकच आकडा. किलोचा हिशोब केला तर पहिला ५४ रुपयांनी पडतो आणि दुसरा साडेपंचेचाळीस रुपयांनी. किलोमागे साडेआठ रुपयांचा फरक या दोन दशांशांत गडप झाला. ०.०५ म्हणजे किलोला ४५ पासून ५५ रुपयांपर्यंत काहीही. वेलची, काळी मिरी अशा महाग वस्तूंना हा फटका बसत नाही, कारण तिथे ग्रॅमचा भावच पैशांच्या नव्हे, रुपयांच्या जवळपास असतो. फटका बसतो तो मीठ, साखर, पीठ, रवा अशा स्वस्त आणि रोजच्या वस्तूंना, म्हणजे जिथे लोक पैपैचा विचार करतात नेमकं तिथेच. सगळ्या वस्तूंवर किलोमागे किंवा निदान १०० ग्रॅममागे भाव छापला असता तर ही अडचण झालीच नसती.

तोवर आपला हिशोब आपणच करायचा. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायच्या. त्या पाढ्यांचा खरा उपयोग इथे आहे.

चौकट : पुड्याच्या किमतीवरून किलोचा भाव

१०० ग्रॅम: दहापट करा.
२०० ग्रॅम: पाचपट.
२५० ग्रॅम: चौपट.
४०० ग्रॅम: अडीचपट, म्हणजे अडीचकी.
५०० ग्रॅम: दुप्पट.
७५० ग्रॅम: किमतीचा तिसरा हिस्सा मिळवा. ९६ रुपयांचा पुडा असेल तर ९६ अधिक ३२, किलोला १२८.
८०० ग्रॅम: चौथा हिस्सा मिळवा. १२४ अधिक ३१, किलोला १५५.
८५० ग्रॅम: सहावा हिस्सा आणि वर थोडेसे.
९०० ग्रॅम: नववा हिस्सा मिळवा. १०८ अधिक १२, किलोला १२०.
एक लिटर तेल: दहावा हिस्सा मिळवला की किलोचा भाव येतो.

पंचवीस आणि सव्वीस

जुलै २०२२ पासून दाणाबाजारात एक विचित्र आकडा ऐकू येऊ लागला. कट्टा सव्वीस किलोचा. पूर्वी पंचवीस किंवा पन्नास असायचा, हा एक किलो कुठून आला? १८ जुलै २०२२ पासून धान्य, डाळी, पीठ यांच्या वेष्टित आणि छापील पुड्यांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. तो २५ किलोपर्यंतच्या पुड्यांना आहे, त्यावरच्या एकाच पिशवीला नाही. दुकानदाराने पोतं फोडून सुटं तोलून दिलं तर त्यालाही नाही.

तांदळाचा भाव किलोला ६० रुपये धरा. २५ किलोचे झाले १,५००, त्यावर ७५ रुपये कर, एकूण १,५७५. २६ किलोचे झाले १,५६०, कर नाही. एक किलो तांदूळ जास्त घेतला आणि वर १५ रुपये वाचले. असा प्रकार रोज घडत नाही. पण दुकानदार जेव्हा म्हणतो, “भाऊ, पंचवीसचा नका घेऊ, सव्वीसचा घ्या,” तेव्हा तो माल खपवत असेलच असं नाही.

कट्टा घेताना एक गोष्ट विचारायची: वजन बारदानासकट की बारदान वजा करून? पन्नास किलोचं ज्यूटचं रिकामं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं. प्लॅस्टिकचं त्यामानाने नगण्य. छापील कट्ट्यावर निव्वळ वजन लिहावंच लागतं, पण काट्यावर टाकलेल्या सुट्या पोत्याला हा प्रश्न विचारायचाच. आणि काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का तेही बघायचं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो.

वर्षाचं भरायचं का?

खानदेशात ठोक खरेदी म्हणजे मॉलमधला मोठा पुडा नव्हे. ठोक खरेदी म्हणजे वर्षाचं धान्य. होळीनंतर दादर ज्वारी आणि गहू बाजारात उतरतात, मग तूरडाळ, मग दोंडाईचा-नंदुरबारकडची मिरची. बिबडे, पापड, कुरडया त्याच उन्हात होतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये कोठ्या ठेवायला जागा राहिली नाही, तरी गव्हाची दोन-तीन पोती घेणारी घरं अजून पुष्कळ आहेत. हे परवडतं का?

यात दोन वेगळे फायदे एकत्र मिसळलेले आहेत, ते आधी सुटे करू. एक फायदा ठोक खरेदीचा: पोत्याचा भाव सुट्या किलोपेक्षा कमी असतो. तो बाराही महिने मिळतो, एप्रिलची वाट बघायला नको. दुसरा फायदा हंगामाचा: एप्रिलमध्ये माल भरपूर असतो म्हणून भाव उतरलेला असतो, पावसाळ्यानंतर चढतो. हा फायदा मिळवायचा तर माल वर्षभर सांभाळावा लागतो, आणि सांभाळण्याला खर्च आहे.

तीन क्विंटल गहू ३,००० रुपये भावाने घेतला, ९,००० रुपये गेले. हे पैसे बँकेत राहिले असते तर समजा आठ टक्के व्याज मिळालं असतं. गहू हळूहळू संपतो, म्हणून सरासरी अर्धीच रक्कम वर्षभर अडकली असं धरायचं. व्याज बुडालं ३६० रुपये, किलोला १ रुपया २० पैसे. कीड, भुसा, चाळून गेलेलं मिळून दोन टक्के नुकसान धरलं तर १८० रुपये, किलोला ६० पैसे. हमाली आणि रिक्षाचे ९० रुपये, किलोला ३० पैसे. एकूण २ रुपये १० पैसे. म्हणजे पुढच्या वर्षभरात त्याच प्रतीच्या गव्हाचा तुम्हाला मिळणारा सरासरी भाव ३२ रुपये १० पैशांच्या वर गेला, तरच एप्रिलमध्ये भरून ठेवण्यात फायदा झाला. बहुतेक वर्षी जातो, सगळ्याच वर्षी नाही.

हेच पैसे शेकडा दोनने उसने काढले असतील तर हिशोब फिरतो. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. व्याजच १,०८० रुपये होतं, किलोला ३ रुपये ६० पैसे. वर नुकसान आणि हमालीचे ९० पैसे. किलोमागे साडेचार रुपयांचं ओझं घेऊन आलेला गहू स्वस्त नसतो. रोजंदारीवरचा माणूस दहा-दहा रुपयांचं तेल-मीठ नेतो तेव्हा शिकलेसवरलेले लोक म्हणतात, यांना हिशोब कळत नाही. त्याला हिशोब कळतो. त्याच्यासाठी पैसा महाग आहे, म्हणून पुडा लहान आहे.

धान्य टिकवणं हीही हिशोबातलीच बाब आहे, कारण किडलेला किलो भागाकारात मोजला जात नाही. दाण्यात ओल राहिली की किडा वाढतो, म्हणून चांगलं कडक ऊन द्यायचं. पण तापलेला गहू तसाच कोठीत भरू नये. आत उष्णता कोंडते, झाकणाखाली वाफ धरते आणि वाळवलेलं पुन्हा ओलं होतं. रात्री निववून सकाळी भरावा. झाकण घट्ट असलं तर आतले किडे आतली हवा संपवून मरतात, रोज उघडझाप केली तर जगतात. म्हणून मोठी कोठी महिन्यातून एकदा उघडायची आणि रोजच्यासाठी लहान डबा वेगळा ठेवायचा.

कडधान्यांचा भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, त्याची अळी दाण्याच्या पोटात वाढते. डाळीत तिला पुरेसं घर मिळत नाही. म्हणून अख्खे मूग, हरभरे, चवळी वर्षाची भरण्यात धोका जास्त, डाळीत कमी. एरंडेलाचा हात फिरवला की अंडी दाण्याला धड चिकटत नाहीत, चिकटली तरी तेलाच्या थराखाली गुदमरतात. आजी हे शास्त्र म्हणून करत नव्हती, पण करत होती बरोबर.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी मोठ्या मापात घेऊ नयेत. बाजरीच्या पिठातली चरबी दळल्यावर लवकर बिघडते आणि आठवडाभरात भाकरी कडवट लागायला लागते. बाजरी पोतंभर असू द्या, दळण मात्र थोडं थोडं आणा. सोललेले शेंगदाणे उन्हाळ्यात खवट होतात. आणि चौघांच्या घरात १५ किलोचा तेलाचा डबा फोडला तर शेवटचे तीन-चार किलो चवीला उतरतात. तो डबा दोन-तीन घरांनी वाटून घ्यावा, हमालीसुद्धा वाटली जाते.

डझनाने की किलोने

पुड्यावर निदान बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. भाजी-फळांना तेही नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या शिवारातून केळी क्विंटलच्या भावाने ट्रकमध्ये भरली जातात आणि त्याच जिल्ह्यातल्या हातगाडीवर डझनाने विकली जातात. डझन हा आकडा आहे, वजन नव्हे. एक केळं १२० ग्रॅमचं असेल तर डझन भरतो १ किलो ४४० ग्रॅम, १७० ग्रॅमचं असेल तर दोन किलोंच्या वर. लहान केळी ३६ रुपये डझन आणि मोठी ४६ रुपये डझन असतील तर लहान केळी किलोला २५ रुपयांनी पडली आणि मोठी साडेबावीसने. त्यातही सालीचं वजन साधारण तिसरा हिस्सा असतं, ते दोन्हीकडे वजा जातं. हातगाडीवाल्याकडे काटा असतोच. डझन काट्यावर ठेवायला सांगितलं तर तो रागावत नाही, फार तर हसतो.

भरताच्या वांग्याला डब्याच्या पत्र्याचाच हिशोब लागतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तर प्रश्न असा की एक किलोचं एकच वांगं घ्यायचं, की पाव-पाव किलोची चार? भाजल्यावर साल टाकायची असते आणि देठही. सारख्याच आकाराची चार लहान वांगी घेतली तर त्यांची साल एका मोठ्या वांग्याच्या दीडपटीहून जास्त होते. वर देठ चार. भाव किलोला सारखाच असेल तर भरतासाठी मोठं वांगं घ्यावं. आणि सारख्या आकाराच्या दोन मोठ्या वांग्यांतलं हाताला हलकं लागेल ते उचलावं, त्यात बिया कमी निघतात आणि काट्यावरही ते कमीच भरतं.